दोघांचं भांडण, तिसऱ्याला काय? अमेरिकेतल्या तिसऱ्या पक्षांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली, की न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला गावाकडून तेच प्रश्न येतात. एवढा मोठा देश, मग पक्ष दोनच कसे? तिसरा कोणी उभा राहत नाही का? राहतो तर पडतो का? फोनवर तुकड्यातुकड्याने दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अमेरिकेत खरोखर दोनच पक्ष आहेत का?

नाही, डझनावारी आहेत. 1971 साली स्थापन झालेला लिबर्टेरियन पक्ष सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात आहे. ग्रीन पक्ष पर्यावरणवादी आणि डावा. दारूबंदीसाठी 1869 मध्ये निघालेला प्रोहिबिशन पक्ष अजूनही अध्यक्षपदाला उमेदवार देतो. त्याला मिळणारी मतं आपल्याकडच्या एखाद्या वॉर्डातल्या अपक्षाइतकी असतात, ती गोष्ट वेगळी. ‘तिसरा पक्ष’ म्हणजे एक पक्ष नव्हे. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन सोडून जे जे उरले, ते सगळे तिसरेच.

मग ते निवडून का येत नाहीत?

लोकांना ते आवडत नाहीत म्हणून, असं सोपं उत्तर दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मतं मिळूनही हाती काही लागत नाही, ही खरी अडचण.

अध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर ठरत नाही. अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांना मिळून 538 मतं वाटून दिलेली आहेत, त्यांना इलेक्टोरल मतं म्हणतात, आणि जिंकायला 270 लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्यात जो पहिला येतो, तो त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो. दुसऱ्याला शून्य, तिसऱ्यालाही शून्य.

1992 साली टेक्सासचे अब्जाधीश रॉस पेरो अपक्ष उभे राहिले. स्वतःचे सहा कोटींहून अधिक डॉलर ओतले, टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेऊन हातात आलेख धरून देशाच्या तुटीवर शिकवणी घेतली. मध्येच जुलैमध्ये माघार घेतली आणि ऑक्टोबरमध्ये परत आले. एवढा घोळ घालूनही त्यांना 18.9 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 97 लाख मतं मिळाली. इलेक्टोरल मतं किती? एकही नाही. मतं देशभर सारखी पसरली होती, आणि पहिला नंबर कुठल्याच राज्यात नव्हता.

याची दुसरी बाजू 1948 मध्ये दिसते. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षातले दोन बंडखोर उभे होते. वांशिक विभक्ततेचे समर्थक स्ट्रॉम थरमंड आणि डाव्या विचारांचे हेन्री वॉलेस. देशभरात दोघांना जवळपास सारखीच, प्रत्येकी 11 ते 12 लाख मतं पडली. थरमंडना 39 इलेक्टोरल मतं मिळाली, वॉलेसना शून्य. कारण थरमंडची मतं दक्षिणेतल्या चार राज्यांत एकवटलेली होती. तिथे मतपत्रिकेवर डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिकृत उमेदवार म्हणून त्यांचंच नाव होतं. अलाबामात तर विद्यमान अध्यक्ष ट्रुमन यांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं!

थोडक्यात, थोडी मतं एका जागी असली तर उपयोगी. पुष्कळ मतं सगळीकडे सांडलेली असली तर फुकट.

पण भारतातही ज्याला जास्त मतं तोच जिंकतो. मग आपल्याकडे इतके पक्ष कसे?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच. पद्धत सारखी असेल तर फळ वेगळं का?

पहिलं कारण, आपण पंतप्रधान थेट निवडत नाही. एखाद्या प्रादेशिक पक्षाने आठ-दहा खासदार आणले, तरी दिल्लीत त्याला भाव असतो, मंत्रिपद मिळतं. अमेरिकेत अध्यक्षपद एकच आणि त्याचे तुकडे होत नाहीत. संसदेत चार माणसं आणली तरी सरकार त्यांच्यावाचून पडत नाही, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. दुसरं, आपल्याकडे भाषेनुसार राज्यं आहेत आणि त्या त्या राज्यात स्थानिक पक्ष पहिला किंवा दुसरा असू शकतो. तमिळनाडूत द्रमुक हा ‘तिसरा’ पक्ष नाहीच.

तसं अमेरिकेतही कधीकधी झालं. मिनेसोटात 1930 च्या दशकात फार्मर-लेबर पक्षाचा गव्हर्नर होता आणि तो पक्ष राज्यातली मोठी ताकद होता. 1944 मध्ये तो डेमोक्रॅटिक पक्षात विलीन झाला. आजही त्या राज्यात डेमोक्रॅटांचं अधिकृत नाव ‘डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर’ आहे. लग्नानंतर माहेरचं आडनाव मध्ये ठेवावं तसं.

तिसरं आणि सगळ्यात वजनदार कारण म्हणजे प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायची आधीची निवडणूक. त्यासाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

कोणालाच 270 मिळाली नाहीत तर? युती होते का?

आपल्यासारखी नाही. मग निवड संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात जाते आणि तिथे पहिल्या तिघांतून एकाला निवडायचं असतं. मात्र मत खासदाराला नसतं, राज्याला असतं. कॅलिफोर्नियाचं एक, वायोमिंगचंही एकच. जिंकायला 26 राज्यं लागतात.

असं 1824 मध्ये घडलं. अँड्र्यू जॅक्सन लोकांच्या आणि इलेक्टोरल मतांत पहिले होते. चौथ्या नंबरचे हेन्री क्ले शर्यतीतून बाद झाले, त्यांनी आपलं वजन जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या पारड्यात टाकलं, ॲडम्स अध्यक्ष झाले आणि क्ले त्यांचे परराष्ट्रमंत्री. जॅक्सन समर्थकांनी कोणत्या शब्दांत ओरडा केला असेल, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

1968 मध्ये अलाबामाचे जॉर्ज वॉलेस हाच डाव टाकत होते. पाच राज्यं आणि 46 इलेक्टोरल मतं त्यांनी घेतली. दोन्ही मोठ्या पक्षांना 270 च्या खाली रोखायचं आणि मग दक्षिणेसाठी सौदा करायचा, असा बेत होता. रिपब्लिकन उमेदवार निक्सन 301 वर गेले आणि बेत फसला.

रिपब्लिकन पक्षसुद्धा आधी तिसराच पक्ष होता, हे खरं का?

जवळपास खरं. 1854 मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरी पश्चिमेकडे पसरण्याचा रस्ता मोकळा केला. त्या संतापातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि अवघ्या सहा वर्षांत लिंकन अध्यक्ष झाले. चौरंगी लढतीत त्यांना 40 टक्क्यांच्या आतच मतं होती. पण तेव्हा दोन मोठ्या पक्षांपैकी एक असलेला जुना व्हिग पक्ष गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून रिकामा होत होता. तिसऱ्याने दुसऱ्याला हरवलं असं म्हणण्यापेक्षा, दुसऱ्याचं घर पडलं आणि तिसऱ्याने त्या जागेवर बांधकाम केलं. त्यानंतर आजवर दोघांपैकी कोणाचंही घर पडलेलं नाही.

तिसरा उमेदवार फक्त मतं खातो, हा आरोप खरा आहे का?

कधी खरा, कधी हरलेल्याची सबब.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण 2000 सालचं. फ्लोरिडात रिपब्लिकन उमेदवार धाकटे बुश 537 मतांनी जिंकले आणि त्या एका राज्यावर अध्यक्षपद ठरलं. ग्राहक हक्कांचे जुने लढवय्ये राल्फ नेडर ग्रीन पक्षातर्फे उभे होते. फ्लोरिडात त्यांना 97,488 मतं पडली. त्यांचे बरेचसे मतदार घरी बसले असते आणि काहींनी बुशना मत दिलं असतं असं धरलं, तरी 537 चा फरक भरून निघाला असता असं मला वाटतं. पण त्याच फ्लोरिडात मतपत्रिकांच्या विचित्र मांडणीमुळे चुकलेली मतं होती, अर्धवट राहिलेली फेरमोजणी होती, आणि डेमोक्रॅट उमेदवार गोर यांना त्यांचं स्वतःचं टेनेसी राज्यही राखता आलं नव्हतं. इतकी भोकं असलेल्या होडीत शेवटचा बसला त्याच्यामुळेच ती बुडाली, असं म्हणायचं का?

त्याहून चटका लावणारं उदाहरण 1844 चं. गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाच्या जेम्स बर्नी यांना न्यूयॉर्क राज्यात सुमारे 15,800 मतं मिळाली. तिथे व्हिग पक्षाचे हेन्री क्ले साधारण 5,100 मतांनी हरले. न्यूयॉर्क मिळालं असतं तर क्ले अध्यक्ष झाले असते. झाले जेम्स पोक. टेक्सास अमेरिकेत सामील करून घ्यायला आतुर असलेल्या या गृहस्थांच्या काळात मेक्सिकोशी युद्ध झालं आणि गुलामगिरी कुठवर पसरू द्यायची हा वाद आणखी पेटला. गुलामगिरीच्या विरोधात दिलेल्या मतांतून हे फळ निघालं.

पेरो यांच्याबाबत मात्र हा आरोप टिकत नाही. त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश यांना पाडलं असं रिपब्लिकन मंडळी आजही म्हणतात, पण मतदान केंद्राबाहेरच्या पाहणीत त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन यांच्यात साधारण सारखीच वाटलेली दिसली.

मराठी वाचकाला ही भांडणं ओळखीची वाटतील. 2019 च्या लोकसभेत नांदेडला अशोक चव्हाण सुमारे 40 हजार मतांनी हरले आणि वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मतं होती. तेव्हा झालेला वाद आणि नेडरवरचा वाद यांत शब्दसुद्धा तेच आहेत. ‘आमची मतं’ हा शब्दप्रयोगच मुळात संशयास्पद आहे. मत कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेलं असतं का?

मतपत्रिकेवर नाव येणं एवढं अवघड का आहे?

आपल्याकडे अनामत रक्कम भरली, सूचक दिले, की अर्ज दाखल. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूकसुद्धा प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी घेते. नव्या पक्षाला राज्याराज्यांतून हजारो मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. सह्या किती, कधीपर्यंत, कोणत्या नमुन्यात, हे सगळीकडे वेगळं. मोठ्या पक्षांचे वकील त्या सह्या एकेक करून तपासायला बसलेलेच असतात. शिवाय बऱ्याच राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या झेंड्याखाली उभं राहता येत नाही. म्हणजे तिकीट कापलं म्हणून रातोरात बंडखोरी, हा आपला आवडता खेळ तिथे कायद्यानेच बंद.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात सरकार मतपत्रिका छापतच नसे. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापून वाटत आणि मतदार ती पेटीत टाकी. 1888 नंतर सरकारने छापलेली गुप्त मतपत्रिका आली. दडपशाही कमी झाली, हे चांगलंच. पण कागद सरकारचा झाल्यावर त्यावर कोणाचं नाव छापायचं हेही सरकार ठरवू लागलं, आणि सरकार या दोघांचंच.

2024 मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांची यातली फरपट बघण्यासारखी होती. अपक्ष म्हणून नाव लागावं यासाठी त्यांनी राज्याराज्यांत सह्या आणि खटले केले. न्यूयॉर्कमध्ये दिलेला पत्ता खरा राहण्याचा नाही, असं म्हणून न्यायालयाने त्यांना बाद केलं. ऑगस्टमध्ये त्यांनी मोहीम थांबवून ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि आता अटीतटीच्या राज्यांतून नाव काढा म्हणून धावपळ सुरू झाली. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये ते निघालंच नाही. आधी नाव लागावं म्हणून कोर्टात, मग निघावं म्हणून कोर्टात.

टीव्हीवरच्या वादविवादात तिसरा का दिसत नाही?

पेरो 1992 मध्ये तिन्ही वादविवादांत होते. 1996 मध्ये त्यांना बोलावलंच नाही. 2000 पासून राष्ट्रीय पाहण्यांत सरासरी 15 टक्के असल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम आला. दिसल्याशिवाय 15 टक्के होत नाहीत आणि 15 टक्के झाल्याशिवाय दिसता येत नाही.

जिंकत नाहीत, तर मग त्यांनी आजवर केलं काय?

पुष्कळ. फक्त त्याचं श्रेय दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं.

1892 मध्ये कर्जाने आणि रेल्वेच्या भाड्याने पिचलेल्या शेतकऱ्यांनी पॉप्युलिस्ट पक्ष उभा केला. ओमाहा शहरात त्यांनी जाहीरनामा काढला. त्यात चढत्या दराने प्राप्तिकर, सिनेटर लोकांनी थेट निवडावेत, गुप्त मतदान, कामाचे तास कमी करावेत अशा मागण्या होत्या. तेव्हाच्या प्रतिष्ठित वर्तुळात ही वेड्यांची यादी समजली गेली. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना 10 लाखांहून अधिक मतं आणि 22 इलेक्टोरल मतं मिळाली. चार वर्षांनी डेमोक्रॅटांनी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या रूपाने पॉप्युलिस्टांची प्रमुख मागणीच उचलली, पॉप्युलिस्टांनी त्यांनाच उमेदवार मानलं आणि पक्ष संपत गेला. पण 1913 मध्ये प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवड या दोन्ही गोष्टी घटनादुरुस्तीने आल्या. शेतकरी हरले, त्यांचा कागद जिंकला.

मिलवॉकी शहराने तर 1910 ते 1960 या काळात तीन समाजवादी महापौर निवडले. त्यातले डॅनियल होन 24 वर्षं खुर्चीवर होते. क्रांतीच्या गप्पांपेक्षा गटारं, पाणी आणि बागा यांवर त्यांचा भर, म्हणून इतर समाजवादी त्यांना ‘गटार समाजवादी’ म्हणून चिडवत. मिलवॉकीकरांना गटारं हवीच होती.

मात्र तिसरा पक्ष म्हटला की तो सज्जनांचाच, असा भोळा समज नको. 1850 च्या दशकातला ‘नो नथिंग’ पक्ष आयरिश आणि कॅथलिक स्थलांतरितांच्या द्वेषावर वाढला आणि 1856 मध्ये त्याच्या उमेदवाराला 21 टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. जॉर्ज वॉलेस यांचं राजकारण गोऱ्यांच्या रागावर चाललं. त्यांच्या मतदारांकडे पाहूनच रिपब्लिकनांनी पुढे दक्षिणेतली भाषा बेतली. चांगली मागणी उचलली जाते तशी वाईटही उचलली जाते.

सँडर्स किंवा ट्रम्प यांच्यासारखे लोक स्वतःचा पक्ष का काढत नाहीत?

कारण त्यांना तयार घर फुकट मिळतं. हे आहे प्रायमरीचं गुपित.

आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. नाराज माणसाला बाहेर पडून नवा पक्ष काढण्यावाचून गत्यंतर नसतं. अमेरिकेत उमेदवार मतदारच ठरवतात. पक्षाच्या बड्या मंडळींना तुम्ही नकोसे असलात तरी प्रायमरीत उभं राहून त्यांचाच झेंडा त्यांच्या हातातून घेता येतो. 1912 मध्ये हे सगळीकडे शक्य नव्हतं. थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक रिपब्लिकन प्रायमऱ्या जिंकल्या, तरी पक्षाच्या अधिवेशनाने उमेदवारी विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना दिली. रूझवेल्ट बाहेर पडले, ‘बुल मूस’ पक्ष काढला आणि 27.4 टक्के मतं घेऊन टाफ्ट यांना तिसऱ्या नंबरवर ढकललं. दोघांच्या या भांडणात लाभ झाला डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांचा, तोही 42 टक्क्यांच्या आत. आज रूझवेल्टना बाहेर पडावंच लागलं नसतं.

डोनाल्ड ट्रम्प यांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. 1999 मध्ये ते पेरो यांनी नंतर काढलेल्या रिफॉर्म पक्षात गेले, अध्यक्षपदासाठी चाचपणी केली आणि फेब्रुवारी 2000 मध्ये बाहेर पडले. 2016 मध्ये रिपब्लिकन प्रायमरीतून आले आणि तो पक्षच त्यांचा झाला. बर्नी सँडर्स सिनेटमध्ये आजही अपक्ष आहेत, पण अध्यक्षपदासाठी दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक प्रायमरीतच उतरले.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उतरला. पैसा स्वतःचा, राजकारणात अगदी नवखा. पेरो यांच्यासारखं अपक्ष उभं राहण्याऐवजी त्यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि तिसरे आले. मग खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात केली, राज्याच्या सभागृहात गेले आणि 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले. अपक्ष राहिले असते तर आपल्या पेपरांत त्यांची बातमी एकदाच आली असती.

खालच्या पातळीवर तरी कोणी जिंकतं का?

हो, पण बहुतेक वेळा पक्ष नाही, माणूस जिंकतो. 1998 मध्ये कुस्तीगीर जेसी व्हेंच्युरा रिफॉर्म पक्षातर्फे 37 टक्क्यांवर मिनेसोटाचे गव्हर्नर झाले. त्यांना वादविवादात बोलावलं होतं, आणि त्या राज्यात मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं. दोन्ही गोष्टी कामाला आल्या. मेनचे अँगस किंग अपक्ष सिनेटर आहेत.

न्यूयॉर्कची तऱ्हा निराळी. तिथे एकाच उमेदवाराला दोन पक्ष उभं करू शकतात आणि मतपत्रिकेवरच्या दोन्ही पक्षांच्या ओळींवरची मतं एकत्र मोजली जातात. 2025 मध्ये महापौरपदी निवडून आलेले झोहरान ममदानी डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज अशा दोन्ही पक्षांच्या ओळींवर होते. मत वाया न घालवता आपण कोणत्या बाजूने ओढतो आहोत हे दाखवायची ही सोय एके काळी बऱ्याच राज्यांत होती. पॉप्युलिस्टांनी तिचा वापर करायला सुरुवात केल्यावर एकेका राज्याने ती बंद केली. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी चालते असं सांगितलं.

पसंतीक्रमाच्या मतदानाने चित्र बदलेल का?

थोडंफार. यात मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो आणि मागे पडून बाद झालेल्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. मेनमध्ये 2010 साली पॉल लपाज साधारण 38 टक्क्यांवर गव्हर्नर झाले, दुसरा नंबर अपक्षाचा आणि डेमोक्रॅट उमेदवार तिसरी. बहुसंख्यांना नको असलेला माणूस निवडून आल्याची ही बोच राहिली आणि 2016 मध्ये लोकांनी पसंतीक्रम स्वीकारला. 2018 मध्ये त्याच पद्धतीने पहिल्या फेरीत मागे असलेला उमेदवार काँग्रेसवर गेला. अलास्कानेही 2022 पासून ती वापरली.

पण 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ओरेगनच्या मतदारांनी ती नाकारली, मिसुरीने बंदी घातली आणि अलास्कात ती जेमतेम वाचली. शिवाय या पद्धतीने मतं खाण्याची भीती जाते, जिंकण्याची हमी येत नाही. लहान पक्षांना खरोखर जागा मिळायच्या तर एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडावे लागतील, आणि तो बदल ज्यांनी करायचा ते या दोन पक्षांचेच आहेत.

पाहण्यांमध्ये लोक तिसरा पक्ष हवा म्हणतात. मग मत का देत नाहीत?

गॅलप संस्थेच्या 2023 च्या जनमत पाहणीत 63 टक्के लोकांनी तिसऱ्या पक्षाची गरज आहे असं सांगितलं. पण एकाला डेमोक्रॅटांच्या डावीकडचा हवा, दुसऱ्याला रिपब्लिकनांच्या उजवीकडचा, तिसऱ्याला अगदी मधला. सोसायटीत लिफ्ट हवी यावर सगळ्यांचं एकमत असतं, कंपनी ठरवायची वेळ आली की मीटिंग बरखास्त. ‘नो लेबल्स’ नावाच्या मधल्या संघटनेने 2024 साठी भरपूर पैसा जमवला आणि एप्रिलमध्ये योग्य उमेदवारच मिळत नाही म्हणून नाद सोडला. जुलै 2025 मध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ जाहीर केली. जाहीर करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

मी इथला नागरिक आहे. तिसऱ्याला मत दिलं तर वाया जाईल का?

तुम्ही कुठे राहता यावर आहे. पेन्सिल्व्हेनियात किंवा विस्कॉन्सिनमध्ये असाल तर निकाल काही हजारांवर ठरू शकतो. दोघांपैकी एक तुम्हाला जास्त नकोसा असेल तर विचार करूनच बटण दाबा. कॅलिफोर्नियात किंवा अलाबामात एका मताने काहीच हलत नाही, तिथे मनासारखं मत द्यायला हरकत कसली? पक्षाला देशात 5 टक्के मिळाले तर पुढच्या वेळी सरकारी निधी मिळतो. पेरो यांच्या 1996 च्या मतांमुळे 2000 मध्ये रिफॉर्म पक्षाला सुमारे 1 कोटी 26 लाख डॉलर मिळाले. त्या पैशांसाठी पक्षात अशी मारामारी झाली, की उमेदवाराला अर्धा टक्काही मतं पडली नाहीत.

तिसऱ्या पक्षाला इलेक्टोरल मत शेवटचं कधी मिळालं?

स्वतः राज्य जिंकून मिळवलेली शेवटची मतं 1968 ची, वॉलेस यांची. त्यानंतर 1972 मध्ये एक गंमत झाली. लिबर्टेरियन पक्ष जेमतेम एक वर्षाचा होता आणि दोनच राज्यांत मतपत्रिकेवर होता. व्हर्जिनियात निक्सन जिंकले. पण त्यांचे एक इलेक्टर, म्हणजे राज्याच्या वतीने इलेक्टोरल मत टाकणारे प्रतिनिधी, रॉजर मॅकब्राइड यांनी ऐन वेळी आपलं मत निक्सनऐवजी लिबर्टेरियन उमेदवार जॉन हॉस्पर्स आणि उपाध्यक्षपदासाठी टोनी नेथन यांना दिलं. अमेरिकेच्या इतिहासात इलेक्टोरल मत मिळालेल्या पहिल्या स्त्री नेथन या अशा ठरल्या. रिपब्लिकनांनी मॅकब्राइड यांच्या नावाने बोटं मोडली. लिबर्टेरियनांनी 1976 मध्ये त्यांनाच अध्यक्षपदाचा उमेदवार केलं.